मागचं झाकण गेलं त्यानंतर

मोबाइल, ट्रिमर, कॅमेरा, हेडफोन यांची बॅटरी काही वर्षांत दम सोडते, हे आता कुणाला सांगावं लागत नाही. तिच्यात पुन्हा जीव आणता येतो का, या प्रश्नाचं उत्तर मात्र काळागणिक बदलत गेलं आहे. पूर्ण उतरवून मग भरा, फ्रीजमध्ये ठेवून बघा, वरून जास्त व्होल्टेजचा झटका द्या, असे जे उपाय आजही सांगितले जातात, त्यांतले बरेचसे निकेलच्या काळातले आहेत. हातातली बॅटरी आता लिथियमची असते.

निकेल-कॅडमियम सेल १८९९ मध्ये स्वीडनमध्ये तयार झाला. पूर्ण बंद, गळती न होणारा सेल यायला पुढची जवळपास पन्नास वर्षं गेली. त्यानंतर वॉकीटॉकी, दाढीची यंत्रं, बिनतारी टेलिफोन, व्हिडिओ कॅमेरे अशा सगळ्यांत तोच सेल होता, आणि त्याच्या बाबतीत ‘जिवंत करणं’ हा खरोखरच उपाय होता. सेल सतत चार्जिंगला लावून ठेवला किंवा दर वेळी थोडासाच वापरून पुन्हा भरला, की कॅडमियमचे बारीक कण एकत्र येऊन मोठे स्फटिक होत. रासायनिक क्रियेला मिळणारा पृष्ठभाग कमी होई, व्होल्टेज लवकर खाली येई आणि बॅटरी संपल्यासारखी वाटे. सेलमागे साधारण एक व्होल्टपर्यंत ती सावकाश उतरवायची, पुन्हा पूर्ण भरायची, असं दोन-तीनदा केलं की बरीचशी क्षमता परत मिळे. ‘मेमरी इफेक्ट’ म्हणतात तो हाच, निदान लोकांच्या वापरात तरी. झटक्याच्या उपायालाही आधार होता. सेलच्या आत धातूचे केसासारखे तंतू वाढून शॉर्ट झालेला असे, आणि कपॅसिटरमधून क्षणभर मोठा प्रवाह सोडला की तो तंतू जळून जाई. पण सेलच्या दोन बाजू वेगळ्या ठेवणाऱ्या आतल्या पडद्याला पडलेलं भोक तसंच राही, त्यामुळे असा सेल फार दिवस टिकत नसे.

१९९१ मध्ये जपानमध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली, सुरुवातीला व्हिडिओ कॅमेऱ्यांसाठी. तिच्यात मेमरीचा त्रास व्यवहारात जाणवण्याइतका नसतो. तिची झीज वेगळी आहे. सेलच्या ऋण बाजूला ग्रॅफाइट असतं, त्यावर एक थर हळूहळू जाड होत जातो आणि त्यात लिथियम कायमचं अडकून पडतं. उष्णता आणि शंभर टक्के भरलेल्या अवस्थेत पडून राहणं या दोन गोष्टी ही झीज वाढवतात. अडकलेलं लिथियम कुठल्याही चार्जरने परत येत नाही. पूर्ण उतरवून भरल्यावर टक्केवारी कधीकधी सुधारल्यासारखी दिसते, कारण मोजणाऱ्या चिपचा अंदाज नव्याने जुळतो. बॅटरीची क्षमता तेवढीच राहते. झटका तर जिवावर बेतू शकतो. सेल फार खोल उतरला की आतली तांब्याची पट्टी विरघळू लागते. नंतर तो भरला की तेच तांबं नको तिथे जमतं आणि आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. म्हणूनच संरक्षक सर्किट असा पॅक बंद करतं. ‘मेलेली’ बॅटरी बाहेरून जबरदस्तीने उठवणारे नेमकं हेच संरक्षण टाळत असतात. फुगलेल्या बॅटरीत आत वायू साठलेला असतो. तिला टोचणं किंवा दाबणं हा उपाय नव्हे.

म्हणजे लिथियमच्या काळात उपाय एकच उरला, बॅटरी बदलणं. आणि नेमक्या याच काळात बदलण्याची वाट बंद होत गेली, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत अन्यायाचं वाटतं.

सुरुवातीचे मोबाइल आठवा. मागचं झाकण नखाने सरकवायचं, जुनी बॅटरी काढायची, नवी घालायची. २००७ मध्ये फिनलंडच्या एका कंपनीने जाहीर केलं की तिच्या एका प्रकारच्या बॅटरीत दोष असू शकतो. अशा सुमारे ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या जगभर विकल्या गेल्या होत्या. ग्राहकाने झाकण उघडून बॅटरीवरचा क्रमांक पाहायचा आणि दोषी असेल तर नवी मागवायची, एवढंच करायचं होतं. फोन तसाच राहिला. २०१६ मध्ये दक्षिण कोरियाच्या एका कंपनीच्या मोठ्या फोनच्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या. तिथे बॅटरी आत चिकटवलेली होती, त्यामुळे सुमारे २५ लाख फोन अख्खे परत मागवावे लागले. बदलून दिलेलेही पेटले, तेव्हा ते मॉडेलच बंद झालं. बंद रचनेची किंमत सांगायला ही दोन उदाहरणं पुरेशी आहेत.

बंद रचनेचा पायंडा आधी एका अमेरिकन कंपनीच्या खिशात मावणाऱ्या संगीत प्लेअरने पाडला. २००३ च्या अखेरीस, ग्राहकांच्या तक्रारी वाढल्यावर, कंपनीने ९९ डॉलरमध्ये बॅटरी बदलून देण्याची सोय केली. २००७ च्या तिच्या पहिल्या फोनलाही उघडणारं झाकण नव्हतं. बॅटरी बदलायची तर फोन पाठवून द्यायचा आणि काही दिवस वाट पाहायची. जाडी कमी होते, पाणी आत जात नाही, जास्त मोठा सेल बसतो, ही कारणं खोटी नाहीत. पण पाण्यापासून सुरक्षित आणि तरीही झाकण निघणारे फोन त्यानंतरही बनलेच होते.

याच कंपनीचा पुढचा निर्णय आजही वादात आहे. बॅटरी जुनी झाली की क्षमता घटते, आणि त्याबरोबर तिचा अंतर्गत रोध, म्हणजे प्रवाहाला आतून होणारा अडथळाही वाढतो. प्रोसेसरने अचानक जास्त प्रवाह मागितला, त्यात थंडी असली, की व्होल्टेज कोसळतं आणि तीस टक्के दाखवणारा फोन बंद पडतो. २०१६ च्या अखेरीस अशा तक्रारी वाढल्या. जानेवारी २०१७ च्या एका अपडेटमध्ये कंपनीने झिजलेल्या बॅटरीच्या फोनचा प्रोसेसर गरजेनुसार मंद करायला सुरुवात केली, पण वापरणाऱ्याला तसं स्पष्ट सांगितलं नाही. डिसेंबरमध्ये वेगाच्या चाचण्यांचे आकडे प्रसिद्ध झाले आणि एकच फोन बॅटरी बदलताच पूर्वीसारखा वेगाने चालतो हे उघड झालं, तेव्हा कंपनीने मान्य केलं. मग माफी आली, बॅटरी बदलण्याचा दर २०१८ पुरता ७९ वरून २९ डॉलरवर आला, आणि मार्चमध्ये बॅटरीची उरलेली क्षमता दाखवणारं पान फोनमध्ये आलं. फ्रान्समध्ये २०२० मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड झाला. अमेरिकेतला दावा जास्तीत जास्त ५० कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटला.

तांत्रिक बाजूने पाहिलं तर मंद करणं हा वेडगळ उपाय नव्हता. फोन भर रस्त्यात बंद पडण्यापेक्षा थोडा सावकाश चाललेला बरा. चूक लपवण्यात होती. फोन जुना झाला असं समजून ज्यांनी नवा घेतला, त्यांना फक्त बॅटरी हवी होती. पुढे काय घडलं ते पाहण्यासारखं आहे. जानेवारी २०१९ मध्ये कंपनीने भागधारकांना विक्री अपेक्षेपेक्षा कमी झाल्याचं कळवलं आणि कारणांमध्ये स्वस्तात बॅटरी बदलून घेणारे ग्राहकही मोजले. खुली वाट मिळाली की माणसं जुना फोन ठेवतात, हे त्या पत्रात कंपनीनेच लिहून दिलं.

तरी त्यानंतर वाट उघडायच्या ऐवजी कुलपाचं रूप बदललं. बॅटरीवरच्या चिपची ओळख फोनशी जुळवायला सुरुवात झाली, आणि २०१९ पासून बाहेर बदललेली बॅटरी ‘तपासता येत नाही’ असा इशारा पडद्यावर येऊ लागला. सेल उत्तम असला तरी उरलेली क्षमता दिसेनाशी झाली. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २०२४ मध्ये अशा जुळवणीवर बंदी घालणारा कायदा केला.

युरोपची वाट लांबची. युरोपियन युनियनच्या २००६ च्या निर्देशात बॅटरी सहज काढता यावी असं होतं, पण सुरक्षितता आणि कार्यक्षमता यांसाठी अपवाद ठेवले होते. या निर्देशात २०१३ मध्ये केलेल्या बदलाने, ग्राहकाला जमत नसेल तर उत्पादकाशी संबंध नसलेल्या तंत्रज्ञाला तरी ती काढता यावी, असं ठरलं. २०२३ चा नियम मात्र स्पष्ट आहे. १८ फेब्रुवारी २०२७ पासून हाती वापरायच्या उपकरणांतली बॅटरी ग्राहकाला साध्या अवजारांनी, उष्णता किंवा रसायन न लावता काढता आली पाहिजे, आणि बदलण्यात सॉफ्टवेअरचा अडथळा आणता येणार नाही. पाण्यात वापरायच्या काही उपकरणांना मात्र सूट आहे.

फोन आणि टॅबलेटसाठी वेगळा नियम २० जून २०२५ पासून लागू आहे. त्यातही पळवाट आहेच. बॅटरीने ५०० चक्रांनंतर (पूर्ण भरून पूर्ण उतरणं म्हणजे एक चक्र) ८३ टक्के आणि १,००० चक्रांनंतर ८० टक्के क्षमता राखली आणि उपकरण धूळ-पाण्यापासून सुरक्षित असलं, तर ग्राहकाला स्वतः बदलता येण्याची अट सुटते. टिकाऊ बॅटरी हवीच. पण हजार चक्रांनंतरही फोन चालू असतो, आणि दुसरी बॅटरी बसवायची गरज नेमकी तेव्हाच लागते. याच काळात काही नव्या फोनमध्ये नऊ व्होल्टची बॅटरी जोडली की सुटणारा गोंद आला आहे. त्याने दुरुस्तीवाल्याचं काम नक्कीच सोपं झालं. मागचं झाकण नखाने उघडण्याइतकं सोपं ते अजून नाही.