मानधनावरचे दोन गुरुजी: शिक्षण सेवक आणि सेवानिवृत्त कंत्राटी शिक्षक

रामटेक-पारशिवनीकडच्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत नवे सर आले की गावकऱ्यांचा पहिला सवाल ठरलेला असतो: "परमनंट आहात का मानधनावर जी?" मानधनावर, असं उत्तर मिळालं की चौकशी संपते. खरं तर ती तिथून सुरू व्हायला हवी, कारण मानधनावरच्या सरांचे दोन प्रकार आहेत आणि शाळेच्या दृष्टीने दोघांचा अर्थ अगदी वेगळा आहे.

शिक्षण सेवक हा होऊ घातलेला कायम शिक्षक. टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टल या शासनाच्या ऑनलाइन शिक्षक भरतीची गुणवत्ता यादी एवढं सगळं पार करून तो येतो. तीन वर्षं ठरावीक मानधन, काम समाधानकारक असेल तर पुढे नियमित वेतनश्रेणी. प्राथमिकला हे मानधन कित्येक वर्षं ६,००० रुपयांवर अडकलं होतं. जानेवारी २०२३ पासून ते १६,००० झालं. पद मंजूर असतं आणि ते त्याच्या नियुक्तीने भरलं जातं.

सेवानिवृत्त शिक्षकाचं तसं नाही. भरती रखडलेली, वर्ग शिक्षकाविना, म्हणून ७ जुलै २०२३ ला शासनाने परिपत्रक काढलं: नियमित शिक्षक मिळेपर्यंत जिल्हा परिषद शाळांत निवृत्त शिक्षकांना कंत्राटावर घ्यावं. वयाची मर्यादा ७० वर्षं, मानधन महिना २०,००० रुपये. विदर्भातल्या शाळा तेव्हा नुकत्याच उघडल्या होत्या. अठ्ठावन्नला निरोपाचा शाल-श्रीफळ घेतलेले गुरुजी पुन्हा खडू हातात घेऊ शकत होते, पण नियमित सेवेचा कोणताही हक्क मागणार नाही, असं लिहून देऊन.

आता २०२३ चे हे आकडे शेजारी ठेवा. पेन्शन सुरू असलेल्याला २०,००० आणि स्पर्धेतून निवडून आलेल्या पोराला १६,०००. डी.एड. करून वर्षानुवर्षं जाहिरातीची वाट पाहणाऱ्यांचा संताप मला तरी रास्तच वाटतो. मात्र तो गुरुजींवर काढण्यात अर्थ नाही. पहिली ते चौथी एकाच खोलीत बसवून, एकीकडे पाढे नि दुसरीकडे श्रुतलेखन चालवणं ही तीस वर्षांच्या सवयीची कला आहे. नवख्याला ती साधायला वेळ लागतोच. तीन-चार महिन्यांची खिंड लढवायची तर निवृत्त शिक्षकासारखा माणूस नाही.

गोची वेगळीच आहे. निवृत्त गुरुजी वर्गावर आले तरी मंजूर पद रिक्तच राहतं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २६ सांगतं की शाळेतली रिक्त पदं मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून जास्त असू नयेत. वर्गावर कुणीतरी उभं दिसलं की पालक गप्प होतात, ग्रामसभेत विषय निघत नाही आणि तात्पुरती सोय वर्षभर चालते. सोय वाईट नाही, तिने आलेलं समाधान घातक आहे.

तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीने नव्या सरांचा नियुक्ती आदेश एकदा वाचावा. "शिक्षण सेवक" असं पदनाम असेल तर जागा भरली. "नियमित शिक्षक उपलब्ध होईपर्यंत" अशी ओळ असेल तर पद अजून रिकामंच आहे, आणि ते पवित्र पोर्टलच्या पुढच्या मागणीत धरलंय का, हे पंचायत समितीत जाऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांना विचारावं. शक्यतो लेखी.