फॉइल शीट की थर्माकोल? पत्र्याखालच्या माळ्यावर रोपं वाढवायची तर

जळगाव-भुसावळच्या बाजारात "हीटप्रूफ शीट दाखवा" म्हटलं की दुकानदार दोनपैकी एक वस्तू पुढ्यात टाकतो. एक म्हणजे चंदेरी, बुडबुड्यांची, गुंडाळी करून ठेवलेली फॉइल शीट. दुसरी म्हणजे थर्माकोलचा नाहीतर पफचा, म्हणजे पॉलियुरेथेन फोमचा, जाडजूड तक्ता. फरक काय विचारलं तर उत्तर ठरलेलं: "दोन्ही एकच हो भाऊ, हिच्यात जागा कमी जाते."

एकच नाहीत. माणसांच्या खोलीला हा घोळ खपून जातो, कारण दुपारी फारच तापलं तर माणूस खाली जाऊन झोपतो. माळ्यावर ट्रेमध्ये लावलेल्या कोथिंबिरीला किंवा लेट्यूसला ती सोय नाही. लेट्यूसचं बी तिशीच्या वर नीट उगवतच नाही, आणि कोथिंबीर उकाड्यात पानं धरायची सोडून फुलावर येते. जळगावात केळीची टिश्यू कल्चरची रोपं तयार करणाऱ्या प्रयोगशाळा आपल्या वाढीच्या खोल्या २५ अंशांच्या आसपास राखतात, ते उगाच नाही. घरच्या माळ्यावर तेवढं जमणार नाही, पण तिशीच्या आगेमागे राहायचं असेल तरी छपरातून काय येतंय आणि कसं येतंय हे आधी कळायला हवं.

मे महिन्यात पारा ४४-४५ वर असताना गंजलेला किंवा गडद रंगाचा पत्रा ७० अंशांपर्यंत सहज जातो. त्याखाली उभं राहिलं की आधी टाळू तापते. ती हवेने तापत नाही. पत्रा स्वतःच न दिसणाऱ्या किरणांच्या रूपात उष्णता खाली फेकत असतो. १० बाय १२ ची खोली धरली, आतल्या वस्तू ४० अंशांवर आहेत असं मानलं, तर ७० अंशांचा पत्रा सव्वादोन ते अडीच हजार वॅट नुसते किरणांतून खाली ओततो. म्हणजे भर उन्हाळ्यात दोन हजार वॅटचा हीटर छताला उलटा टांगून चालू ठेवल्यासारखं.

फॉइलचा धंदा या किरणांशी आहे. चकचकीत ॲल्युमिनियम असे किरण जवळजवळ सगळे परत फेकतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्वतः तापलं तरी किरण सोडताना अतिशय कंजूष असतं. म्हणून फॉइलची चकाकती बाजू खाली, खोलीकडे केली तरी ती काम करते. हे ऐकून लोक बुचकळ्यात पडतात, "ऊन वरून येतं, मग चकाकी खाली कशाला?" पण चकचकीत स्टीलच्या पातेल्यातला चहा काळ्या कढईतल्या चहापेक्षा जास्त वेळ गरम राहतो, तेव्हाही चकाकी बाहेरच्याच बाजूला असते. उलट खाली तोंड केलेल्या फॉइलवर धूळ बसत नाही. आपल्याकडे एप्रिल-मेच्या वावटळी पत्र्याच्या प्रत्येक फटीतून माती आत आणतात. वर तोंड केलेली फॉइल एका हंगामात मळकट होते, आणि मळलेली फॉइल साध्या कागदासारखीच वागायला लागते.

यातली खरी अट मात्र वेगळी आहे, आणि ती दुकानात कोणी सांगत नाही. फॉइलच्या चकाकत्या बाजूला मोकळी हवा लागते, किमान इंचभर. शीट पत्र्याला घट्ट चिकटवून खालून पीओपीची सीलिंग तिला टेकवून मारली, तर दोन्हीकडे स्पर्श झाला आणि किरणांचा प्रश्नच मिटला. उष्णता सरळ धातूतून पुढे जाते, आणि ॲल्युमिनियम तर उष्णतेचा उत्तम वाहक. मधल्या बुडबुड्यांची जाडी चार ते आठ मिलिमीटर, त्यांचा स्वतःचा रोध नगण्य. अशी चिकटवलेली शीट बघितली की पैसे वाया गेले असं बेलाशक समजावं.

थर्माकोल किरणांच्या भानगडीत पडत नाही. त्याच्या आत लाखो बंद कप्पे, त्यांत अडकलेली हवा, आणि स्थिर हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक. त्यामुळे त्याला पोकळी लागत नाही, चकाकी लागत नाही, लागते ती जाडी. इंचभर लावला तर जेवढा अडथळा, दोन इंच लावला तर त्याच्या दुप्पट. पफ त्याच जाडीत थर्माकोलच्या दीडपट अडवतो आणि त्याच मानाने महागही पडतो. काचलोकर, म्हणजे ग्लासवूल, कोरडी असेतो थर्माकोलच्या तोडीची असते. पण रोपांच्या खोलीत मी ती सुचवणार नाही. झाडं दिवसभर पानांतून पाणी सोडतात, ती वाफ पावसाळ्यात आणि थंडीतल्या पहाटे गार पत्र्याला लागून थेंब धरते, आणि ओली झालेली ग्लासवूल लोंबकळत्या गोधडीपलीकडे काही कामाची राहत नाही.

आकड्यांत बघायचं तर गंमत दिसते. त्याच १० बाय १२ च्या खोलीत, त्याच दुपारी, इंचभर पोकळी ठेवून स्वच्छ फॉइल मारली तर छतातून येणारी किरणांची उष्णता शे-दीडशे वॅटवर येते. पोकळीतल्या हवेतून थोडी आणखी गळते ती वेगळी. दोन इंच थर्माकोलमधून एकूण दोनशे वॅटच्या आसपास येतात. म्हणजे भर दुपारी, नीट लावल्या तर, दोघींची कामगिरी जवळपास सारखी. दुकानदाराचं "एकच हो" एवढ्यापुरतं खरं मानायला हरकत नाही.

फरक पडतो तो बाकीच्या वेळी. फॉइल वरून खाली येणारी उष्णता फार छान अडवते, पण खालून वर जाणाऱ्या उष्णतेपुढे तिची मात्रा कमी पडते, कारण गरम हवा पोकळीत स्वतःच वर चढून उष्णता घेऊन जाते. थर्माकोलला दिशेचं सोयरसुतक नाही. डिसेंबर-जानेवारीत खानदेशात रात्रीचा पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा पत्र्याखालच्या रोपांचं रक्षण थर्माकोल करतो. फॉइलवाली खोली पहाटे बऱ्यापैकी गारठते. ज्याला फक्त मार्च ते जून निभवायचा आहे त्याने फॉइलवर भागवावं. बारमाही रोपं करायची असतील तर मी थर्माकोलच घेईन, आणि हात मोकळा असेल तर थर्माकोलखाली पोकळी सोडून फॉइलही.

इथे कोणीतरी हमखास जुन्या धाब्याच्या घरांचा दाखला देतं. खानदेशातल्या मातीच्या धाब्यांखाली दुपारी गारवा असतो हे खरंच आहे. पण धाबं उष्णता अडवतं त्याहून जास्त ती उशिरा पोचवतं. फूटभर मातीला तापायलाच संध्याकाळ होते, मग ती रात्रभर खाली ऊब सोडत बसते, म्हणून तर उन्हाळ्यात माणसं अंगणात नाहीतर वर धाब्यावरच झोपायची. दोन इंच थर्माकोलचा निव्वळ रोध त्या फूटभर मातीच्या दुपटीहून जास्त भरतो. वजनाचं तर बोलायलाच नको.

या दोन्ही वस्तूंच्या आधी एक स्वस्त काम आहे, वरून पांढरा रंग. पत्रा ७० ऐवजी पन्नाशीच्या आसपास राहिला तर खाली पडणारी किरणं तिसऱ्या हिश्श्यावर येतात, आणि मग आत काहीही लावा, त्याचं काम सोपं होतं. फक्त स्लॅबवर चालणारा चुना जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या, पत्र्यावर मारू नये. ओला ताजा चुना पत्र्यावरच्या जस्ताला खातो, आणि दोन पावसांत पोपडे उडून गंज वर येतो. पत्र्याला ॲक्रिलिकचा पांढरा रूफ कोट घ्यावा. पोल्ट्रीवाले छपरावर पाचट पसरून वर पाण्याचे फवारे सोडतात, तो उपायही चांगला आहे, पण एप्रिलमध्ये नळाला पाणी किती दिवसांआड येतं ते बघून ठरवावं. हिरवी शेडनेट पत्र्यापासून फूटभर उंच बांधली तर तीही उपयोगी. पत्र्यावरच अंथरली तर जवळजवळ निरुपयोगी.

काम झाल्यावर तपासणी करताना एक फसगत होते. हल्ली बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर बऱ्याच जणांकडे असतो. तो फॉइलवर रोखला की आकडा सुखावणारा येतो, कारण फॉइल स्वतःचे किरण जवळजवळ सोडतच नाही, यंत्राला दिसते ती समोरच्या भिंतीची नाहीतर फरशीची उष्णता. फॉइलवर काळ्या इन्सुलेशन टेपचा चौकोनी तुकडा चिकटवावा, पाच मिनिटं थांबावं आणि त्या टेपवर नेम धरावा. मग खरा आकडा कळतो.

आणखी एक चंदेरी वस्तू या गोंधळात भर घालते. ग्रो लाइटचा, म्हणजे रोपं वाढवायच्या दिव्यांचा, उजेड वाया जाऊ नये म्हणून भिंतींना आतून लावतात ती मायलर शीट. ती उजेड रोपांकडे परत पाठवायला असते, भिंतीतली उष्णता अडवायला नाही. साधा मॅट पांढरा ऑइलपेंट तिच्या जवळपास काम करतो आणि पुसताही येतो.

आता छपराचा बंदोबस्त चोख झाला असं समजा. दोनशे वॅट आत येतायत. पण रोपांवर शंभर-शंभर वॅटचे चार एलईडी दिवे आहेत. एलईडी "थंड" असतात हा समज सोडून द्या. घेतलेली वीज शेवटी जवळजवळ सगळी खोलीतच उष्णता होऊन राहते. म्हणजे छतातून येतं त्याच्या दुप्पट आपणच आत पेटवलं, आणि थर्माकोलने ते जपूनही ठेवलं. रोधक थर खोली गार करत नाही. तो आतली उष्णताही बाहेर जाऊ देत नाही. दुपारी एक्झॉस्ट लावून उपयोग नाही, बाहेरची ४४ अंशांची हवाच आत ओढली जाईल. सोपा तोडगा असा की रोपांचा दिवस रात्री करावा. दिवे संध्याकाळी सातला लावून सकाळी सातला बंद करायचे, एक्झॉस्टही त्याच वेळात चालवायचा. रोपांना बारा तास उजेड मिळतो, तो घड्याळात कधी मिळाला याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. दुपारी वीज गेली तरी उजेडाचं बिघडत नाही.

तरीही एप्रिल-मेच्या दुपारी थंडावा लागतोच, आणि तिथे खानदेशाचा कोरडेपणा कामी येतो. ४३ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर चांगल्या जाळीचा कूलर २७-२८ अंशांची हवा देऊ शकतो. अट एकच, कूलर खिडकीबाहेरची हवा ओढणारा असावा आणि समोरच्या भिंतीतून तेवढीच हवा बाहेर जावी. बंद खोलीत कूलर फिरवला की तासाभरात दमट कोंदट वाफारा तयार होतो आणि रोपांच्या मुळाशी बुरशी येते. जूनमध्ये ढग भरून आले की कूलर बंद करून टाकावा, नुसता एक्झॉस्ट पुरतो. एसी घ्यायचाच असेल तर तो छपराचं काम झाल्यावरच घ्यावा. उघड्या पत्र्याखाली एक टनाचा एसी, म्हणजे साडेतीन हजार वॅट उष्णता खेचणारं यंत्र, त्याची दोनतृतीयांश ताकद छताशी झुंजण्यातच घालवतं.

बसवणाऱ्याला दोन गोष्टी बजावून सांगाव्यात. थर्माकोल सॉल्व्हेंटच्या गोंदाने चिकटवू नये, तो विरघळून त्यात खड्डे पडतात. पाण्यात मिसळणारा गोंद किंवा पट्ट्या-स्क्रू वापरावेत. आणि माल एफआर ग्रेडचा, म्हणजे आग लवकर न धरणारा मागावा. दिव्यांचे ड्रायव्हर, म्हणजे त्यांना वीज जुळवून देणारे डबे, आणि वायरींचे जोड थर्माकोलला टेकू न देता भिंतीवर वेगळ्या पट्टीवर बसवून घ्यावेत.