छतावरचा डाग आणि आतली सळई

मुंबईत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना जुलै आला हे छत सांगतं. हॉलच्या कोपऱ्यात पिवळट डाग, त्याला फुगलेला रंग. दिवाळीआधी पेंटर येतो, पोपडे खरवडतो, पुट्टी भरतो, आणि पुढच्या जुलैला डाग हजर. पेंटरचा दोष नाही. आजार रंगात नाहीच.

मुळात डागाच्या बरोब्बर वर गळती असेलच असं नाही. गच्चीच्या भेगेतून शिरलेलं पाणी कोब्याखालून उताराने सरकतं, वायरिंगच्या पाइपात घुसतं आणि पंख्याच्या हुकापाशी ठिबकतं. म्हणून आधी गच्चीवर एकेका भागात बांध घालून पाणी तुंबवून ठेवायचं आणि खाली कधी ओल येते ते बघायचं. कंटाळवाणं काम आहे, पण अंदाजाने गच्ची फोडण्यापेक्षा स्वस्त.

खरी गंमत (आणि धोका) स्लॅबच्या काँक्रीटमधल्या लोखंडी सळईपाशी. ताज्या काँक्रीटच्या छिद्रांतलं पाणी कमालीचं अल्कधर्मी (आम्लाच्या उलट गुणाचं) असतं, पीएच १२.५ ते १३; साध्या पाण्याचा ७ च्या आसपास. त्यात सळईवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो आणि तो तिला गंजू देत नाही. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत झिरपतो, पीएच ९ च्या आसपास घसरतो आणि थर टिकत नाही. आपल्याकडे भरीला समुद्राची खारी हवा: तिच्या मिठातलं क्लोराइड पीएच चांगला असतानाही तो थर फोडतं. पुढे पाणी आणि प्राणवायू मिळाला की गंज. मूळ लोखंडापेक्षा तो दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो, स्लॅबमध्ये ती कुठून मिळणार? मग सळईखालचं काही मिलिमीटरचं काँक्रीट सळईच्या रेषेत तडकतं आणि एक दिवस खपली पलंगावर येते.

जाणकार मिस्त्री हातोडीने छत ठोकत जातो. टणक आवाज आला तर ठीक, भद्द आला तर आत पोकळ. तेवढा भाग सळईच्या मागेपर्यंत फोडायचा, वायर ब्रशने गंज काढायचा, गंजरोधक प्रायमर लावायचा, मग पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंट-वाळूचा गिलावा) थराथराने भरायचं. सळई फारच बारीक झाली असेल, तर निर्णय मिस्त्रीचा नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा. मुंबईत ३० वर्षांवरच्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट (मजबुतीची तपासणी) तसंही कायद्याने बंधनकारक आहे.

हे सगळं गच्चीची गळती थांबल्यावर, स्लॅब सुकल्यावर. पावसाळा सरताच ऑक्टोबरात घाईने आतून रंग लावला, तर अडकलेली वाफ तो रंग फुगवणार. छत सुकू द्यायला हिवाळ्यातले कोरडे महिने बरे, वॉटरप्रूफिंग मात्र मे संपायच्या आत.