विजयाराजे शिंदे : विधानसभेतील कारकीर्द

शिंदे, विजयाराजे : (१२ ऑक्टोबर १९१९ – २५ जानेवारी २००१). ग्वाल्हेरच्या राजमाता आणि मध्य प्रदेश विधानसभेच्या करैरा मतदारसंघाच्या आमदार (१९६७–७१). त्यांचे बहुतेक राजकीय आयुष्य संसदेत गेले. आमदारकीची वर्षे जेमतेम चार, पण एक सरकार पाडून दुसरे बसवण्याचा उद्योग त्यांनी याच काळात केला. मराठीत त्यांचे आडनाव शिंदे, हिंदीत सिंधिया. ग्वाल्हेर शहरातल्या लष्कर या भागातल्या मराठी घरांत दोन्ही चालते. बोलताना मात्र नुसते ‘राजमाता’.

जन्म सागरचा, माहेर नेपाळच्या राणा घराण्याशी नाते असलेले, पाळण्यातले नाव लेखा दिव्येश्वरी. १९४१ मध्ये जिवाजीराव शिंदे यांच्याशी विवाह झाला आणि मराठी रीतिरिवाज त्यांच्याकडे सासरहून आले. जिवाजीराव १९४८ ते १९५६ मध्य भारत या तेव्हाच्या राज्याचे राजप्रमुख (राज्यपालासारखे पद) होते.

ग्वाल्हेरात काँग्रेसची जमीन पहिल्यापासून भुसभुशीत होती. १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत हिंदू महासभेचे वि. घ. देशपांडे ग्वाल्हेर आणि गुना या दोन्ही जागांवर निवडून आले. त्यांनी सोडलेल्या ग्वाल्हेरच्या जागी पोटनिवडणुकीत त्याच पक्षाचे ना. भा. खरे आले. अशा मुलखात काँग्रेसला महालाचे वजन हवे होते. विजयाराजे १९५७ मध्ये काँग्रेसतर्फे गुन्यातून उभ्या राहिल्या आणि देशपांड्यांनाच हरवून लोकसभेत गेल्या. १९६२ मध्ये त्या ग्वाल्हेरातून निवडून आल्या. ज्यांना हरवायला त्यांना उभे केले, त्यांच्याच बाजूला त्या पुढे दहा वर्षांत जाऊन बसल्या, हा काँग्रेसच्या हिशेबातला उलटा हातचा.

बिनसले ते मुख्यमंत्री द्वारकाप्रसाद मिश्र यांच्याशी. मार्च १९६६ मध्ये बस्तरचे माजी महाराज प्रवीरचंद्र भंजदेव पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले, तेव्हापासून संस्थानिक घराणी मिश्रांवर खार खाऊन होती. त्याच वर्षी ग्वाल्हेरातल्या विद्यार्थी आंदोलनावर गोळीबार झाला. उमेदवारीच्या वाटपावरूनही खटके उडाले. राजमातांनी काँग्रेस सोडली. मिश्रांना लोक राजकारणातले चाणक्य म्हणत; पण ग्वाल्हेरचा राग किती खोल आहे, हे त्यांना वेळेवर उमगले नाही असे दिसते.

१९६७ मध्ये त्यांनी दोन निशाण्यांवर दोन निवडणुका लढवल्या : गुन्यातून लोकसभा स्वतंत्र पक्षातर्फे आणि शिवपुरी जिल्ह्यातल्या करैरातून विधानसभा जनसंघातर्फे. दोन्ही जिंकल्या आणि लोकसभेची जागा सोडून भोपाळला गेल्या. गुन्याच्या रिकाम्या जागेवर पोटनिवडणुकीत आचार्य कृपलानी आले. करैरा हा बुंदेली बोलणारा मुलूख, मराठी वस्ती नावापुरती; तेव्हा ही जागा मराठी मतांची नव्हे, जुन्या रियासतीच्या निष्ठेची म्हणावी लागते. जनसंघाच्या जागा ४१ वरून ७८ झाल्या, त्यात या निष्ठेचा वाटा मोठा होता.

तरी २९६ जणांच्या सभागृहात काँग्रेसचे १६७ आमदार होते. बहुमताला १४९ लागत. जुलै १९६७ मध्ये काँग्रेसचे ३६ आमदार फुटले, उरले १३१, आणि मिश्रांचे मंत्रिमंडळ कोसळले. फुटणाऱ्यांचे नेते विंध्य भागातले गोविंदनारायण सिंह. त्यांना विरोधकांशी सांधण्याचे काम राजमातांचे, आणि त्यात त्यांचे सल्लागार सरदार संभाजीराव आंग्रे यांचा हात होता. पक्षांतरबंदी कायदा यायला अजून अठरा वर्षे होती. हरियाणात ‘आयाराम गयाराम’ हा शब्द रूढ झाला तो याच वर्षी.

जनसंघ, समाजवादी, स्वतंत्र आणि फुटीर काँग्रेसवाले यांची मोट म्हणजे संयुक्त विधायक दल. हिंदी वृत्तपत्रांनी त्याचे ‘संविद’ केले आणि तेच तोंडी बसले. राजमाता या दलाच्या नेत्या झाल्या, पण मुख्यमंत्रिपद त्यांनी घेतले नाही. ३० जुलैला गोविंदनारायण सिंहांचा शपथविधी झाला; जनसंघाचे वीरेंद्रकुमार सकलेचा उपमुख्यमंत्री झाले. या नकाराला त्याग म्हणण्याची रीत आहे. प्रस्तुत लेखकाला तो त्यागाइतकाच चुकीचा अंदाज वाटतो. लगाम आपल्या हाती आणि घोड्यावर दुसराच, ही व्यवस्था दरबारात चालते. मंत्रिमंडळात सही ज्याची, सत्ता त्याची. नेत्या आणि मुख्यमंत्री यांच्यात कुरबुरी सुरू झाल्या, आणि एकदा फुटलेल्यांना परत फुटायला फारशी भीड नव्हती. मार्च १९६९ मध्ये गोविंदनारायण सिंह पायउतार झाले आणि पुढे काँग्रेसमध्ये परतले. सारंगढचे राजा नरेशचंद्र सिंह १३ मार्चला मुख्यमंत्री झाले. तेरा दिवसांत तेही गेले. २६ मार्चला काँग्रेसचे श्यामाचरण शुक्ल आले.

उरलेला काळ राजमातांनी विरोधी बाकांवर काढला. १९७१ मध्ये त्या जनसंघातर्फे भिंडमधून लोकसभेत गेल्या. त्याच निवडणुकीत पुत्र माधवराव गुन्यातून निवडून आले. आणीबाणीत राजमातांना तिहार तुरुंगात ठेवले होते. १९८० मध्ये रायबरेलीत इंदिरा गांधींकडून त्यांचा पराभव झाला. १९८९ पासून त्या पुन्हा गुन्याच्या खासदार होत्या. विधानसभेकडे त्या परत वळल्या नाहीत. शिवपुरी जिल्ह्यातून विधानसभेत जाणारी घराण्यातली पुढची व्यक्ती म्हणजे त्यांची धाकटी कन्या यशोधराराजे; त्या १९९८ मध्ये शिवपुरी मतदारसंघातून निवडून आल्या. करैरा मतदारसंघ २००८ च्या फेररचनेपासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे.