मिनेसोटाच्या थंडीत टिकणारा पार्किंग लॉट: काम देण्याआधी वाचावं असं काही

आम्ही पार्किंग लॉटची कामं करतो आणि आमचे बरेच ग्राहक मराठी आहेत. कुणाचं मोटेल आहे, कुणाचं डे-केअर, कुणाचं किराणा दुकान, कुणाचा दवाखाना. पार्किंग लॉटचं काम निघालं की पहिला प्रश्न बहुतेक एकच येतो: "डांबर किती इंच टाकणार?" प्रश्न रास्त आहे, पण तो तिसरा-चौथा असावा. त्याआधी विचारायचं ते पाण्याबद्दल: पडलेलं पाणी कुठे जाणार, आणि जे आत मुरेल ते बाहेर कसं पडणार? इथले लॉट खराब होतात ते बहुतेक खालून. म्हणून या पत्रकात डांबराच्या आधी माती आणि पाणी आलं आहे.

जमिनीखाली हिवाळ्यात काय होतं

ट्विन सिटीजच्या (मिनियापोलिस-सेंट पॉलच्या) भागात इमारतीचा पाया किमान ४२ इंच खोल न्यावा लागतो, राज्याच्या उत्तर भागात ६० इंच. जमीन तिथवर गोठू शकते असं धरूनच हा नियम केलेला आहे. पार्किंग लॉटखाली गोठण याहूनही खोल जाते, कारण तिथला बर्फ आपण दर वेळी काढून टाकतो. शेजारच्या हिरवळीवर तो साचून राहतो आणि जमिनीला पांघरूण घालतो.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण लॉट उचलला जातो तो तेवढ्यामुळे नाही. बारीक गाळाची माती खालचं पाणी वर ओढत राहते, आणि जिथे गोठण पोचलेली असते तिथे बर्फाच्या चकत्या एकावर एक साचत जातात. महिनाभर कडाक्याची थंडी पडली की जमीन काही इंच वर येते. सगळीकडे सारखी आली तर कुणाला कळणारही नाही. एका जागी तीन इंच आणि दहा फुटांवर अर्धाच इंच, असं झालं की डांबर तुटतं. चेंबरच्या भोवती, जुन्या चरावर, वाळू आणि चिकणमाती जिथे भेटतात तिथे हे हमखास होतं. दुकानाच्या दारासमोरचा काँक्रीटचा ओटा असाच उचलला जातो आणि जानेवारीत दार बाहेर उघडेनासं होतं. त्या ओट्याला इमारतीसारखाच खोल पाया लागतो. डांबरवाल्याने तो प्रश्न सुटत नाही, पण विचारायची वेळ मात्र डांबराच्या आधीची.

खरा घात होतो मार्च-एप्रिलमध्ये. जमीन वरून वितळायला लागते, खालचा भाग अजून दगडासारखा गोठलेला असतो, आणि मधलं पाणी खाली जाऊ शकत नाही. वरून घट्ट दिसणाऱ्या लॉटखाली काही आठवडे चिखल असतो. राज्याचं परिवहन खातंही याच काळात कमकुवत रस्त्यांवरच्या ट्रकच्या वजनावर मर्यादा घालतं. ती साधारण मार्चमध्ये सुरू होते आणि आठ आठवड्यांपर्यंत चालते. तुमच्या लॉटवर मात्र कचऱ्याचा ट्रक त्या आठवड्यांतही येतो.

त्या ट्रकचा हिशेब एकदा समजून घ्या. १९५८ ते १९६० या काळात इलिनॉयमधल्या ओटावा गावाजवळ मुद्दाम रस्ते बांधून त्यावर ट्रक फिरवून पाहिले गेले. त्यातून निघालेला ठोकताळा आजही चालतो: आसावरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज सोळापट होते. मोटारीच्या एका आसावर साधारण १ टन भार धरा आणि भरलेल्या ट्रकच्या आसावर १० टन. फरक दहा हजार पटीचा पडतो. दिवसभर येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या गाड्या तुमचा लॉट बिघडवत नाहीत. डंपस्टरकडे जाणारी ती एक वाट बिघडवते. म्हणून डंपस्टरसमोर, ट्रकची चाकं उभी राहतात तिथे, काँक्रीटचा चौथरा आणि वाटेवर जाड थर असा आमचा आग्रह असतो. बाकी लॉटवर दोन पैसे वाचवा, इथे नको.

माती आणि बेस

उत्तरेला अनोका काउंटीच्या बाजूला मोठा वाळूचा पट्टा आहे. तिथे पाणी झिरपून जातं, काम सोपं असतं. अर्थात त्याच भागात मध्येच दलदलीची काळी, भुसभुशीत माती लागते. ती काढून टाकण्यावाचून गत्यंतर नसतं. पश्चिमेला कार्व्हर काउंटीकडे चिकणमाती आहे. तिथला बेस, म्हणजे मातीवरचा खडीचा थर, वाळूवरच्या बेसएवढाच धरून कुणी स्वस्त एस्टिमेट दिलं असेल तर सावध राहा. दोन-चार ठिकाणी भोक पाडून माती तपासायला लागणारा खर्च एकूण कामाच्या मानाने किरकोळ असतो. मोठ्या लॉटसाठी तो टाळू नका.

मातीवर येतो खडीचा बेस. इथे त्याला 'क्लास फाइव्ह' म्हणतात: फोडलेली खडी आणि बारीक कच यांचं मिश्रण, ज्यात अगदी बारीक भुकटी १० टक्क्यांच्या आत असावी लागते. गावाकडे मुरूम अंथरून, पाणी मारून, रोलर फिरवतात. पद्धत तीच, फक्त इथे भुकटीचं प्रमाण सांभाळावं लागतं, कारण भुकटी पाणी धरून ठेवते. फक्त मोटारी येणाऱ्या भागात, माती बरी असेल तर, आम्ही ८ इंच दाबलेला बेस धरतो. चिकणमातीवर आणि ट्रकच्या वाटेवर १० ते १२ इंच, आणि माती व खडी यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल कापड. ते कापड नसलं की दर वसंतात थोडी खडी चिखलात बुडते आणि थोडा चिखल खडीत चढतो.

एक गोष्ट एस्टिमेटमध्ये सहसा लिहिलेली नसते: ढाळ वरच्या डांबराला असतो तसा खालच्या मातीलाही हवा. माती सपाट ठेवून नुसता वरच्या थराला उतार दिला तर आत मुरलेलं पाणी तिथेच बसतं.

बेस टाकण्याआधी आणि टाकल्यावर आम्ही भरलेला डंपर सावकाश फिरवतो. चाकाखाली जमीन लाटेसारखी हलली की ती जागा खणून बदलायची, त्यात तडजोड नाही. कामाच्या सगळ्या दिवसांपैकी एकाच दिवशी तुम्ही हजर राहू शकत असाल तर तो हाच असू द्या.

खोदाईआधी ८११ या फोन नंबरवर कळवणं कायद्याने सक्तीचं आहे आणि ते आम्ही करतो. पण ती सेवा सार्वजनिक तारा-नळ दाखवते. तुमच्या लॉटमधल्या दिव्यांची केबल, हिरवळीच्या स्प्रिंकलरचा पाइप यांसारख्या खासगी गोष्टी त्यात येत नाहीत. जुना नकाशा असेल तर शोधून ठेवा.

पाणी जाईल कुठे

ढाळ २ टक्के असावा, म्हणजे शंभर फुटांत दोन फूट उतरण. म्हणजे शंभर फुटांत दोन फूट उतरण. त्याहून कमी ढाळावर डबकी राहतातच, आणि डबकं म्हणजे नोव्हेंबरपासून बर्फाची घसरगुंडी आणि तुमच्या दारात पडलेला माणूस. अपंगांसाठी राखीव जागा आणि त्यांच्या शेजारची उतरायची पट्टी यांना उलट मर्यादा आहे: कुठल्याही दिशेने ४८ फुटांत १ फुटापेक्षा जास्त उतार चालत नाही. म्हणजे तिथे पाणी वाहायलाही हवं आणि चाकाची खुर्ची घरंगळायलाही नको. लेव्हल घेणाऱ्याचा हात तिथेच कळतो. अशा जागा १०० गाड्यांपर्यंतच्या लॉटमध्ये दर २५ मागे एक लागतात. नुसते पट्टे नव्याने मारले तरी हा नियम पाळावा लागतो, हे पुष्कळांना माहीत नसतं.

पाण्याच्या जाळीचं चेंबर हा लॉटमधला सगळ्यात दुबळा भाग. सगळं पाणी तिथेच येतं, बेसमधून झिरपणारंही. म्हणून चेंबरच्या भोवती खडीत, चारी दिशांना भोकं असलेला पाइप टाकून तो चेंबरमध्येच सोडतात. खर्च थोडा असतो, आणि एस्टिमेट कमी दाखवायचं असलं की पहिला गळतो तोच. छपराचं पाणी लॉटवर सोडणारे पाइपही बघून घ्या. दिवसा वितळून रात्री गोठणारं ते पाणी मार्चभर रोज एक नवी काच अंथरतं.

आता डांबर

डांबराच्या प्रतीला इथे दोन आकडे असतात. ५८-२८ याचा अर्थ लॉटचा पृष्ठभाग ५८ अंश सेल्सिअसपर्यंत तापला तरी ते मऊ पडू नये आणि उणे २८ पर्यंत थंड झालं तरी तडकू नये. ५८-३४ आणखी थंडी सोसतं आणि महाग पडतं. मधे एस किंवा एच असं अक्षर दिसलं तर एस म्हणजे नेहमीची रहदारी, एच म्हणजे जड. भारतात सर्रास वापरलं जाणारं व्हीजी-३० प्रतीचं डांबर इथल्या जानेवारीसाठी बनलेलं नाही, त्यामुळे तिकडच्या अनुभवावरून प्रत ठरवू नका. मिश्रणात जुनं खरवडलेलं डांबर थोडं मिसळणं ही चांगली, रुळलेली पद्धत आहे. ते प्रमाण फार वाढलं तर थर कडक होतो आणि थंडीत लवकर तडकतो. एस्टिमेटमध्ये प्रत आणि हे प्रमाण दोन्ही लेखी मागा.

मोटारींसाठी साडेतीन ते चार इंच, दोन थरांत, मधे चिकट टॅक कोट मारून. इथे एक खोच आहे. 'चार इंच' म्हणजे रोलर फिरवल्यानंतरचे चार की आधीचे? मशीनमधून पडलेला सव्वा इंच दाबल्यावर साधारण एक इंच होतो. म्हणजे सैल चार इंचांचे हाती सव्वातीनच लागतात. आमच्या मते दोन एस्टिमेटमधल्या मोठ्या फरकाचं कारण निम्म्या वेळा या एका शब्दात असतं. 'दाबलेला' हा शब्द लिहून घ्या.

पडताळा घेणंही अवघड नाही. एक चौरस यार्ड जागेवर एक इंच दाबलेल्या डांबराचं वजन सुमारे ११० पौंड. २०,००० चौरस फुटांच्या लॉटला चार इंचांसाठी साधारण ४९० टन माल लागतो. प्रत्येक ट्रकसोबत प्लांटच्या काट्याची पावती येते. पावत्यांच्या प्रती मागा आणि बेरीज करा. आम्ही त्या न मागता देतो.

इंचांइतकीच महत्त्वाची दाबणी. थरात हवेची पोकळी सात-आठ टक्क्यांच्या आत राहिली तर पाणी सहसा आरपार जात नाही. त्यापुढे छिद्रं एकमेकांना जोडली जातात आणि वरून घट्ट दिसणारा थर गळू लागतो. दाबायला उष्णता लागते. माल पोचतो तेव्हा २७० ते ३०० अंश फॅरेनहाइट असतो आणि सुमारे १७५ च्या खाली गेला की रोलर कितीही फिरवा, फारसा दबत नाही. ऑक्टोबरच्या शेवटी, ४० अंश फॅरेनहाइटमध्ये, वारा सुटलेला असताना दीड इंचाचा थर काही मिनिटांत तिथवर उतरतो. म्हणून उशिरा आलेलं काम आम्ही अर्धवट करतो आणि तसं आधीच सांगतो: खालचा थर शरदात, वरचा पुढच्या उन्हाळ्यात. तेवढा हिवाळा चेंबरच्या कडा वर उघड्या राहतात, तेव्हा तिथे डांबराचा छोटा उतार करून घ्या आणि बर्फ काढणाऱ्याला त्या दाखवा. प्लाउचं पातं आणि चेंबरची चौकट यांच्या टकरीत जिंकतं कुणीच नाही.

जुना लॉट असेल तर

वरून दीड-दोन इंच खरवडून नवा थर टाकणं स्वस्त पडतं. खालचा बेस ठणठणीत असेल तर ते योग्यही आहे, फक्त जुन्या भेगा काही वर्षांत वर डोकावतात हे धरून चाला. पण जाळीसारख्या, मगरीच्या कातडीसारख्या भेगा म्हणजे बेस गेला. त्यावर नवा थर टाकून देणारा कुणी ना कुणी भेटेल. आम्ही ते काम घेत नाही.

नंतरची निगा

थंडीने डांबर आकसतं, म्हणून लॉटला आडव्या भेगा पडणारच. उत्तम कामालाही पडतात. त्या भरायच्या गरम रबरी सीलरने, शक्यतो शरदात किंवा लवकर वसंतात, जेव्हा भेग निम्मी उघडी असते. या एका खर्चाइतकं आयुष्य दुसरा कुठलाही खर्च वाढवत नाही. काळा चकचकीत सीलकोट ऊन आणि तेल अडवतो, ताकद वाढवत नाही. नव्या लॉटवर तर एक हंगाम जाऊ द्यावा. कोल टारचा (कोळशापासून काढलेल्या डांबराचा) सीलकोट मिनेसोटात २०१४ पासून बंद आहे. कुणी दारावर येऊन उरलेला माल स्वस्तात मारून देतो म्हणाला तर नमस्कार करून निरोप द्या.

बर्फाचे ढीग लॉटच्या उतरत्या टोकाला घालायचे, म्हणजे वितळलेलं पाणी पुन्हा लॉटभर फिरत नाही. नेहमीचं मीठ १५ अंश फॅरेनहाइटच्या खाली जवळजवळ निकामी ठरतं. तेव्हा जास्त ओतू नका, वाळू टाका. हिवाळ्यात खड्डा पडला तर थंड मिश्रणाने बुजवता येतो, पण ती तात्पुरती मलमपट्टी. गरम मालाचे प्लांट तेव्हा बंद असतात.

कधी बोलवायचं

बोलणी जानेवारी-फेब्रुवारीतच सुरू करा, कारण मे ते ऑक्टोबरच्या तारखा लवकर भरतात. मोजणीला मात्र आम्ही एप्रिलमध्ये येतो, आणि तोवर तुमच्याकडून एक काम हवं असतं. बर्फ वितळायला लागला की सकाळी आणि संध्याकाळी फोनवर लॉटचे फोटो काढा: पाणी कुठे थांबतं, कुठली भेग सगळ्यात शेवटी सुकते, कचऱ्याचा ट्रक नेमका कुठून वळतो, कुठलं दार अडतं. ते फोटो आणि इमारतीचा जुना साइट प्लॅन एवढं हाताशी असलं की पहिल्याच भेटीत बेस आणि ढाळाचा कच्चा अंदाज देता येतो.