मस्कोका

मस्कोका : कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातील सरोवरांचा व उन्हाळी कॉटेजांचा प्रदेश. टोरांटोच्या उत्तरेस सु. २०० किमी.वर, पश्चिमेकडील जॉर्जियन उपसागर व पूर्वेकडील अल्गाँक्विन प्रांतिक उद्यान यांच्या दरम्यान तो पसरला असून त्यात लहानमोठी सु. १,६०० सरोवरे आहेत. सध्याचा जिल्हा १९७१ मध्ये अस्तित्वात आला. ब्रेसब्रिज हे त्याचे मुख्य ठिकाण. ग्रेव्हनहर्स्ट व हंट्सव्हिल ही अन्य शहरे. लोकसंख्या ६६,६७४ (२०२१). मात्र उन्हाळ्यापुरते येणारे कॉटेजमालक तीत धरलेले नसल्याने जुलै-ऑगस्टमधील गर्दीची कल्पना या आकड्यावरून येत नाही.

नावाच्या व्युत्पत्तीविषयी एकमत नाही. ज्याच्या टोळीची शिकारभूमी येथे होती, त्या मस्काकी ऊर्फ विल्यम यलोहेड या ओजिब्वे (तेथील एक मूळ रहिवासी जमात) प्रमुखावरून हे नाव पडले, असे सामान्यतः मानतात. दुसऱ्या मतानुसार ते ‘तांबडी भूमी’ या अर्थाच्या ओजिब्वे शब्दांपासून आले आहे. त्या भाषेत तांबड्या रंगाचा वाचक ‘मिस्क्व’ व भूमीचा वाचक ‘अकी’ हे शब्द असल्याने ही उपपत्ती निराधार म्हणता येत नाही. परंतु खुद्द प्रमुखाच्या नावाचीही फोड याच शब्दांनी करता येते. तेव्हा दोन्ही मते परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही व व्यक्तिनामाचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. युरोपीय लेखनिक कानावर पडेल तसे लिहीत, त्यामुळे वर्णविन्यासावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे.

हा प्रदेश कॅनडियन ढालक्षेत्रात (अतिप्राचीन खडकांच्या विस्तीर्ण प्रदेशात) मोडतो. येथील पट्टिताश्म (पट्टे असलेले रूपांतरित खडक, नीस) शंभर कोटी वर्षांहून जुने आहेत. हिमयुगात हिमस्तरांनी वरची माती खरवडून नेली व खडकात द्रोणी कोरल्या. पुढे त्यांत पाणी साचले. शेतीचा प्रयोग फसला तो याच पातळ मातीमुळे. १८६८ च्या कायद्याने वसाहतकऱ्यांना मोफत जमिनी मिळाल्या, पण नांगराला खडकच लागू लागल्यावर अनेकांनी लाकूडतोड व पुढे पाहुण्यांची सोय हे व्यवसाय धरले. १८७५ मध्ये रेल्वे ग्रेव्हनहर्स्टला पोहोचली आणि तेथून पुढचा प्रवास आगबोटीने होऊ लागला.

मस्कोका, रोसो व जोसेफ ही तीन मोठी सरोवरे जोडलेली आहेत. मस्कोका व रोसो यांच्या पातळ्या भिन्न असल्याने पोर्ट कार्लिंगला जलपाश बांधावा लागला : बोट आत आली की दरवाजे लावतात, पाणी चढवतात वा उतरवतात आणि बोट दुसऱ्या सरोवराच्या पातळीला आली की पुढचे दरवाजे उघडतात. रोसो व जोसेफ यांच्यात पोर्ट सँडफील्डला नुसता कालवा पुरला. १८८७ मध्ये ‘निपिसिंग’ नावाने बांधलेली व १९२५ मध्ये ‘सेग्वन’ झालेली कोळशावरील आगबोट जीर्णोद्धारानंतर अजूनही पर्यटकांना फिरवते. काठावरच्या नौकागृहांत खाली पाण्यात बोट व माडीवर राहण्याच्या खोल्या, अशी रचना बऱ्याच ठिकाणी आढळते. कलती पाठ व रुंद हात असलेल्या लाकडी खुर्चीला कॅनडात ‘मस्कोका खुर्ची’च म्हणतात.

ग्रेव्हनहर्स्ट येथे चीनमध्ये सेवा केलेले कॅनडियन शल्यचिकित्सक डॉ. नॉर्मन बेथून यांचे जन्मस्थान (१८९०) स्मारक म्हणून जपलेले आहे. चीनमध्ये त्यांच्या नावाने निघालेल्या रुग्णालयाचे प्रमुखपद सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांनी सांभाळले होते. हंट्सव्हिलनजीक २०१० मध्ये जी-८ (आठ प्रमुख औद्योगिक राष्ट्रांच्या गटाची) परिषद भरली. शरद ऋतूत मेपलची पाने तांबडी होतात, तेव्हा पर्यटकांचा दुसरा हंगाम असतो. टॉरन्स बॅरन्स या जवळजवळ उघड्या खडकाच्या पठारावर झाडे खुरटी राहिल्याने आकाश मोकळे दिसते. १९९९ पासून ते तारादर्शनासाठी काळोख राखलेले क्षेत्र आहे.