‘सिंगर’मधला ‘ग’

‘थिन’ आणि ‘थिंग’, ‘रॅन’ आणि ‘रँग’, ‘फिंगर’ आणि ‘सिंगर’ या इंग्रजी शब्दांच्या जोड्या कोकणातल्या मराठी शाळेतल्या मुलाकडून वाचून घेतल्या, तर पहिल्या दोन जोड्यांतल्या दुसऱ्या शब्दाच्या शेवटी स्पष्ट ‘ग’ ऐकू येतो आणि तिसऱ्या जोडीतले दोन्ही शब्द मधल्या भागात अगदी सारखे होतात. हा जिभेचा आळस समजला जातो. वास्तविक त्यामागे दोन भाषांचा इतिहास आहे आणि त्यातला निम्मा इंग्लंडमध्येच घडलेला आहे.

जुन्या इंग्रजीत शब्दाच्या शेवटी लिहिलेल्या ‘एन-जी’ या अक्षरांमागे दोन ध्वनी होते, एक आपला ‘ङ’ आणि त्याला लागून ‘ग’. पुढे शब्दान्तीचा हा ‘ग’ दुबळा होत गेला आणि सतराव्या शतकापर्यंत लंडनच्या शिष्ट बोलीतून तो गळाला. मागे उरला तो एकटा ‘ङ’. लंडनच्या सेंट पॉल्स शाळेचे मुख्याध्यापक अलेक्झांडर गिल यांनी १६१९ साली इंग्रजीच्या व्याकरणावरील आपल्या लॅटिन ग्रंथात या ध्वनीसाठी ‘एन’ला ‘जी’ची शेपटी जोडून एक वेगळे चिन्ह वापरले, आणि त्याच धर्तीचे चिन्ह आजच्या आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत आहे. लेखन मात्र छापखान्यांमुळे बरेचसे स्थिरावले होते, त्यामुळे कागदावरचा ‘जी’ हलला नाही. शिवाय हा बदल सगळ्या इंग्लंडने स्वीकारला असेही नाही. मँचेस्टर, लिव्हरपूल, बर्मिंगहॅम या भागांतल्या बोलींत ‘सिंग’चा ‘ग’ आजही ऐकू येतो. दापोलीचा विद्यार्थी जो उच्चार करतो, तो इंग्रजीला परका नाही, फक्त पाठ्यपुस्तकातल्या इंग्रजीला परका आहे.

‘फिंगर’ आणि ‘सिंगर’ यांतला भेदही याच गळतीतून आला. ‘फिंगर’ हा एकसंध शब्द असल्यामुळे त्याच्या पोटातला ‘ग’ सुरक्षित राहिला. ‘सिंगर’ हा ‘सिंग’ला प्रत्यय लागून झालेला, म्हणून मूळ शब्दाचा गळालेला ‘ग’ तिथेही परतला नाही. ‘अँगर’ आणि ‘हँगर’ यांचे नातेही असेच आहे. या नियमाला ‘लाँगर’, ‘स्ट्राँगर’, ‘यंगर’ ही तुलनेची रूपे जुमानत नाहीत. प्रत्यय लागूनही त्यांत ‘ग’ टिकला आहे.

मराठीची बाजू वेगळी आहे. पाणिनीने मुख आणि नासिका या दोहोंच्या योगाने उच्चारल्या जाणाऱ्या वर्णाला अनुनासिक म्हटले, आणि आपल्या वर्णमालेने प्रत्येक वर्गाच्या शेवटी एक अनुनासिक बसवले. त्यांपैकी ‘म’ ओठांवर आणि ‘न’ जिभेच्या टोकाशी होतो, तर ‘ङ’साठी जिभेची मागची बाजू मृदू तालूला टेकते. हा ‘ङ’ आपण ‘अंक’, ‘शंख’, ‘रंग’ या शब्दांत दिवसभर उच्चारतो, पण पुढे क-वर्गातले व्यंजन असेल तरच. म्हणून ‘बँक’ म्हणताना कोणी अडखळत नाही. सोबत्यावाचून उभा राहिलेला ‘ङ’ मराठीला जवळजवळ ठाऊकच नाही. संस्कृतातून आलेले ‘वाङ्मय’, ‘पराङ्मुख’ यांसारखे शब्द तेवढे अपवाद, आणि दोन स्वरांमधला ‘ङ’ पाहायचा तर संस्कृत व्याकरणातल्या ‘तिङन्त’ या क्रियापदरूपाच्या संज्ञेपर्यंत जावे लागते.

दुसरी सवय अशी की मराठीतले अनुनासिक पुढच्या व्यंजनाशी जुळवून घेते. इंग्रजीचे ‘टी’ आणि ‘डी’ आपल्याला ‘ट’, ‘ड’ वाटतात, म्हणून ‘बँड’मधला त्यांचा ‘न’ आपल्या तोंडी ‘ण’ होतो. याबाबतीत कोकण एकसारखे नाही. रायगड-ठाण्याच्या आगरी आणि कोळी बोलींत ‘ण’च्या जागी ‘न’ येतो, ‘पाणी’चे ‘पानी’ आणि ‘कोण’चे ‘कोन’ होते. इंग्रजीत स्वतंत्र ‘ण’ नाहीच, तेव्हा मराठीच्या तासाला ज्या ‘न’बद्दल मुलाने बोलणी खावीत, त्यावर इंग्रजीच्या तासाला कोणाचीच हरकत नसावी, हा योगायोग गमतीचा आहे. दक्षिणेकडे मालवणीतल्या ‘खंय’, ‘थंय’ या शब्दांत अनुस्वार म्हणजे व्यंजन नव्हेच, तो स्वरच नाकातून निघतो. प्रमाण मराठीने उच्चारात न राहिलेले असे अनुस्वार १९६२च्या लेखननियमांनुसार लेखनातूनही काढले. मालवणीच्या बोलण्यात नाकातला स्वर टिकून आहे. अशा सवयीच्या बोलणाऱ्याने ‘सिंग’मधला ‘इ’ नाकातून काढून थेट ‘ग’ गाठला, तर त्याला केवळ ‘ग’ गाळायला सांगून भागत नाही, कारण तो गाळल्यावर मागे कोणतेच व्यंजन उरत नाही.

‘म’ आणि ‘न’ यांचा घोळ निराळ्या जातीचा आहे. तो जिभेचा नाही, कानाचा आहे. दोन्हींची नाकातली गुंजन बरीचशी सारखी असते आणि भेद मुख्यतः शेजारच्या स्वराकडे वळण्याच्या क्षणात कळतो. खरखरत्या रेडिओवर तेवढेच नेमके हरवते. जहाजावर नोकरी करणाऱ्या कोकणी माणसाला म्हणूनच ‘एम’साठी ‘माइक’ आणि ‘एन’साठी ‘नोव्हेंबर’ पाठ असते. प्रत्येक अक्षरासाठी एक शब्द ठरवून देणारी ही शब्दमाला १९५६ साली प्रथम विमानवाहतुकीसाठी आजच्या रूपात लागू झाली.

राहिला प्रश्न लिपीचा. इंग्रजी शब्दांचे उच्चार देवनागरीत देण्याच्या रूढ पद्धतीत ‘फिंगर’ आणि ‘सिंगर’ या दोहोंना एकच टिंब आणि एकच ‘ग’ मिळतो, त्यामुळे इंग्लंडमध्ये गळालेला ‘ग’ आपल्याकडे छापून परत येतो. यावर ‘सिङर’ असे लिहिणे हा सरळ उपाय आहे. अडचण एवढीच की ‘वाङ्मय’ सर्रास ‘वाड्मय’ म्हणून छापणाऱ्या आणि वाचणाऱ्या आपल्या डोळ्यांना तिथे आधी ‘सिडर’च दिसेल.